मुद्देमाल

रखमाजीनं पिशवीतून गोफण काढली, दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली आणि देवापुढं नारळ ठेवून सरावं तसा दोन पावलं मागं सरून उभा राहिला.

हवालदार हरिचंद पेरू खात होते. त्यांनी पेरू पुरता संपवला, बिया खिडकीबाहेर थुंकल्या, हात रुमालाला पुसले आणि मग गोफणीकडं पाहिलं.

"हे काय?"

"मुद्देमाल, साहेब."

हा शब्द रखमाजी वाडीपासून घोकत आला होता. ओढा उतरताना तो एकदा निसटला, तेव्हा तिथंच दगडावर बसून राहिला आणि आठवल्यावरच उठला.

"कशाचा मुद्देमाल?"

"ह्याच्यानंच मारलं मी. शिवहारला. गुन्हा लिवा माझ्यावर."

हरिचंदांनी गोफण उचलली. काळ्या लोकरीची, घट्ट वळलेली. मधे दगड बसायला झोळी, एका टोकाला बोटात अडकवायचा फास आणि दुसऱ्या टोकाला सुपारीएवढी गाठ. त्यांनी फासात बोट घालून पाहिलं. डोक्यावरून एकदा फिरवावी असंही त्यांना वाटलं, पण चौकीचं छत ठेंगणं होतं.

"कोणी वळली?"

"मीच."

"झकास हाय. माझ्या मेव्हण्याच्या ज्वारीवर पाखरं लई बसून राहिली. एक वळून दे त्याला."

"देतो. पन आधी लिवा."

"मेंढरालाबी ह्याच्यानंच हाणतो का?"

रखमाजीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काही हललं. तो दुखावला होता.

"न्हाई साहेब. मेंढराला कोन मारतं? गाभ पडतो."

हरिचंदांनी मान डोलावली. त्यांना ते पटलं. त्यांनी गोफण टेबलावर ठेवली, आणि ज्या प्रेमळ आवाजाची रखमाजीला आता धास्ती बसली होती त्या आवाजात म्हणाले, "बस. चहा घे."

दीड वर्षापूर्वी रखमाजीचा पोरगा शिवहार घरातून गेला. पोळ्याचे दिवस होते. सिद्धेश्वरच्या कालव्यावर त्या दुपारी तीनचार कळप पाण्याला एकत्र आले. दोन वाडीतले, बाकीचे वाटसरू, येलदरीच्या अंगाला निघालेले. पोरगं कालव्यात डुंबत बसलं आणि मेंढरं मेंढरांत मिसळली. सांजेला मेंढरं वाडग्यात कोंडताना एक कोकरू कमी भरलं. कपाळावर पांढरा ठिपका असलेलं, टिकली नावाचं. आई मेलेलं ते कोकरू रखमाजीच्या बायकोनं, अनुसयाबाईनं, शेळीच्या दुधावर, बोट चोखायला देऊन वाढवलं होतं. रखमाजीच्या हातात गोफण होती. दोन टोले पाठीवर बसले. तिसऱ्याला पोरगं वळलं आणि गाठ भुवईवर लागली. ते रडत घराकडं गेलं. रखमाजी वाडग्याला काटे लावून, मेंढरांना राखण लावून मागून घरी पोचला, तेव्हा अनुसयाबाई चुलीपुढं बसली होती.

"शिवहार कुठाय?"

"आला व्हता. गेला."

एवढंच ती म्हणाली, आणि एवढंच त्यानं ऐकलं.

चौकीत हरवल्याची नोंद तेव्हाच झाली होती. ती हरिचंदांनीच घेतली होती.

"ओळखीची खूण?"

"उजव्या भुवईवर घाव हाय."

"जुना?"

"परवाचा."

"कशानं झाला?"

"मी केला."

हरिचंदांनी लिहिलं, 'उजव्या भुवईवर जखमेचा व्रण.' म्हणजे गुन्हा खरं तर त्या दिवशीच कागदावर चढला होता. फक्त तो ओळखीच्या रकान्यात चढला.

नंतर रखमाजी परभणीचा स्टँड हिंडला. पूर्णा जंक्शनवर राहिला. नांदेडला हॉटेलांच्या मागच्या मोऱ्यांवर जाऊन कपबशा विसळणाऱ्या पोरांच्या भुवया पाहून आला. ही वाट हरिचंदांनीच दाखवली होती. मार खाऊन पळालेली पोरं कुठं जातात याचा त्यांचा अभ्यास होता. ती रेल्वेनं पुण्याला जातात, हॉटेलात लागतात आणि पाचसहा वर्षांनी घड्याळ घालून परत येतात. "तुझंबी येईल," ते म्हणत. "तवा तूच म्हणशील, हवालदार म्हणला व्हता." हिंगोली आता जिल्हा झाला होता, त्यामुळं पूर्वी ज्या नकारासाठी परभणीपर्यंत जावं लागे तो निम्म्या भाड्यात मिळू लागला होता. रखमाजी तिथंही जाऊन तो घेऊन आला.

आणि वाडीत त्याला कोणी बोल लावेना. हीच मोठी तकलीफ झाली. पारावर त्यानं मान खाली घालून एकदा सांगून टाकलं, की मी मारलं म्हणून पोरगं गेलं. त्यावर वाडीतला दुसरा मेंढपाळ लखमा म्हणाला, "मारलं तर काय झालं? माझ्या बापानं मला कासऱ्यानं बांधून हाणलं व्हतं. हे बघ." त्यानं सदरा वर केला. मग दुसऱ्यानं पोटरी दाखवली, तिसऱ्यानं कान पुढं केला. सासरहून आलेल्या लेकींनी दागिने दाखवावेत तसे सगळे आपापल्या बापाच्या खुणा दाखवू लागले. ज्याच्या अंगावर काहीच नव्हतं तो बिचारा ओशाळून गप्प बसला. रखमाजीचं बोलणं त्यात कुठल्या कुठं गेलं.

मग मागच्या आठवड्यात जवळा बाजारला, लोकर विकून परतताना, त्याला एक नाटक दिसलं. हिंगोलीहून रागिणीताई नावाची एक बाई पोरंपोरी घेऊन आली होती. कोळशाच्या मिशा काढलेला बाप पोराला मारत होता. ढोलकी वाजली, शिटी वाजली आणि दोन पोलीस धावत आले. रखमाजी चवड्यांवर उभा राहून पाहत होता. पोलीस धावतात हे त्याला नवीन होतं.

"आता नवा कायदा आलाय," रागिणीताई माईकवर म्हणाली. "लेकराला छळणारा बाप असला तरी त्याला सहा महिन्यांची शिक्षा होऊ शकते!"

लोक हसले. एक जण म्हणाला, "मग निम्मं गाव आत जाईल बाई, नांगर कोण धरंल?"

नाटक मोडल्यावर रखमाजी तिच्यापुढं जाऊन उभा राहिला.

"ताई, बापाला धरलं तर लेकराला बी हजर करावं लागतं का?"

"हो तर. मुलाला आधी बालकल्याण समितीसमोर आणतात. त्याचंच तर म्हणणं ऐकायचं असतं."

"पोलीसच आनतात?"

"पोलिसांनाच आणावं लागतं."

"बराबर," रखमाजी म्हणाला. त्याला एवढंच हवं होतं. आणखी एक विचारलं, की ज्यानं मारलं त्या वस्तूला काय म्हणतात. तिनं सांगितलं. ती शहाणी बाई होती, पण हे सगळं हा माणूस कुणासाठी विचारतोय ते तिला विचारावंसं वाटलं नाही, कारण ढोलकीवाल्याची एसटी चुकत होती.

चहा आला. चहाबरोबर वकीलसाहेबही आले. ते बाजारच्या दिवशी औंढ्याहून येऊन चौकीच्या ओट्यावर बसत. चौकी त्यांना गिऱ्हाईक देई, ते चौकीला सल्ला देत, आणि चहाचे पैसे कुणीच देत नसे.

हरिचंदांनी त्यांना सगळं सांगितलं. वकिलांनी गोफण पाहिली, रखमाजीकडं पाहिलं.

"मुलाचं वय काय होतं?"

"तवा अकरा सरून वर काही."

"म्हणजे बाराच्या आत. मग सुटलात तुम्ही."

"कशातून?"

"यातून. कलम एकोणनव्वद. बारा वर्षांच्या आतल्या मुलाच्या भल्यासाठी पालकानं चांगल्या हेतूनं काही केलं, तर तो गुन्हा होत नाही. इंग्रजांच्या वेळेपासून आहे. अजून कुणी हात लावलेला नाही त्याला."

"भल्यासाठी न्हाई मारलं साहेब. रागानं मारलं."

"राग कशाचा आला?"

"कोकरू गमावलं त्यानं."

"म्हणजे निष्काळजीपणा केला. तो मोडावा, पोराला वळण लागावं, म्हणून तुम्ही मारलं. हे भलंच झालं की."

"भलं कुठं झालं? पोरगं गेलं."

"कायदा हेतू पाहतो. पुढं काय झालं ते पाहत नाही."

वकीलसाहेबांच्या आयुष्यात इतका बिनतोड बचाव त्यांना क्वचितच साधला होता, आणि नेमका आरोपीच त्यात आडवा येत होता. त्यांनी बशीत चहा ओतला.

"पन नवा कायदा आलाय म्हनं," रखमाजी म्हणाला. "सहा महिन्यांचा."

"आलाय. तो छळणाऱ्यांसाठी. दोन टोल्यांसाठी बापाला त्यात कोण बसवतं? आणि बसवलं तरी कोर्ट पहिला प्रश्न काय विचारील? मुलगा कुठं आहे?"

"तेच तर मी इचारून राहिलो," रखमाजी म्हणाला.

खिडकीचं एक दार वाऱ्यानं आपटलं. त्याची कडी मोडलेली होती. हरिचंद समजुतीनं पुढं झुकले.

"हे बघ रखमाजी. मार खाल्ला कोणी? पोरानं. मग फिर्यादी कोण? पोरगं. त्याला घेऊन ये, जबाब घेतो, लगेच गुन्हा लिहितो. माझी ना कुठाय?"

"गुन्हा लिवला तर तुमी त्याला हुडकाल, म्हनून तर मी आलो."

"अन् तो आल्याबिगर गुन्हा लिहिता येत न्हाई."

हे बोलून झाल्यावर ते स्वतःच थोडे थांबले. आपण काहीतरी फार व्यवस्थित बोललो आहोत आणि त्यातून कुठंच जाता येत नाही, असं त्यांनाही वाटलं असावं. त्यांनी टेबलावरचं पेरूचं देठ उचललं.

रखमाजीनं बोटांवर सालं मोजली.

"गेल्या सालच्या संक्रांतीला त्याला बारा पुरी झाली," तो म्हणाला. "आता मारलं तर गुन्हा व्हतो का?"

वकिलांनी हरिचंदांकडं पाहिलं. "आता... तसा होऊ शकतो."

"मग आना त्याला," रखमाजी म्हणाला. "तुमच्याम्होरं मारतो. लगेच लिवा."

वकीलसाहेबांनी बशी खाली ठेवली आणि बाहेर गिऱ्हाईक आलंय का ते पाहायला गेले. बाहेर कोणी नव्हतं, तरी ते परत आले नाहीत.

"घरात बाई हाय ना तुझ्या?" हरिचंद म्हणाले. त्यांचा आवाज आता तितका प्रेमळ राहिला नव्हता, त्यामुळं रखमाजीला जरा बरं वाटलं. "आईला फिर्याद देता येते. तिनं पाह्यलं का मारताना?"

"न्हाई. घाव पाह्यला."

"चालतं. तिला आण. तिनं सांगितलं की माझ्या नवऱ्यानं लेकराला मारलं, त्यानं लेकरू गेलं, तर मी लिहितो. वरचे काय म्हणायचे ते म्हणोत."

"मुद्देमाल?"

"राहू दे इथंच."

अनुसयाबाई वाडग्यात शेणलेंड्या झाडत होती. रखमाजीनं कुडाबाहेर उभं राहून तिला सगळं सांगितलं. ती झाडतच राहिली. टिकली तिच्या पायांत आली, तसं तिनं खराट्यानं नाही, नुसतं पाय बाजूला घेऊन तिला टाळलं.

टिकली आता दोन कोकरांची आई होती. शिवहार गेला त्याच्या तिसऱ्याच दिवशी लखमा तिला खांद्यावर घालून घेऊन आला होता. त्याच्याच कळपात मिसळली होती ती. वाडीतल्या वाडीत. त्या दिवसापासून अनुसयाबाईनं तिला हातानं कधी चारा दिला नाही. रखमाजीला वाटे, बाई कोकरावर राग धरून आहे. त्याला ते रास्त वाटे.

"मला न्हाई यायचं," ती म्हणाली.

"काहून?"

"काहून म्हंजे? नवऱ्यावर फिर्याद देऊ?"

"दे की. मीच सांगतो हाय ना. सोपं हाय. म्हन, माझ्या नवऱ्यानं..."

"माझ्या नवऱ्यानं," ती खराट्याकडं पाहत म्हणाली.

"लेकराला गोफणीनं मारलं."

"गोफणीनं मारलं."

"लेकराला म्हन. अन् जरा जोरात. हवालदाराला कमी ऐकू येतं."

"लोक काय म्हनतील?"

"लोक काई म्हनत न्हाईत," रखमाजी म्हणाला. "तेच तर. दीड साल झालं, कोन काई म्हनलं का? तू तरी म्हन. अन् डोळ्यात पानी आन. रडायला येतं ना तुला?"

तिनं खराटा टाकला आणि त्याच्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात काहीतरी होतं. पण रखमाजीच्या डोक्यात तेव्हा फक्त पोलीस धावत होते, कोळशाच्या मिशावाल्या बापाच्या मागं, शिट्या फुंकत, आणि मग त्याच पोलिसांनी पोराला हाताला धरून आणलं होतं.

"पुढं म्हन," तो म्हणाला. "त्या मारानं माझं लेकरू घर सोडून गेलं."

हे मात्र ती म्हणाली नाही. भाकरी करायची आहे म्हणून आत गेली.

दुसऱ्या दिवशी दोघं चौकीत गेली. रखमाजी पुढं, अनुसयाबाई चार पावलं मागं. खिडकीचं दार आता आपटत नव्हतं. हरिचंदांनी ते गोफणीनं गजाला बांधून टाकलं होतं. रखमाजीनं पाहिलं. हरिचंदांनीही त्यानं पाहिल्याचं पाहिलं.

"सोडतो लगेच. वारं लई सुटलं व्हतं."

"राहू द्या," रखमाजी म्हणाला.

हरिचंदांनी कोरा कागद घेतला, कार्बन घातला, टोपण काढून पेन झटकला. रखमाजीनं इतक्या दिवसांत त्या टेबलावर कार्बन पाहिला नव्हता. त्याचा ऊर भरून आला.

"नाव?"

"अनुसयाबाई रखमाजी."

"सांग. तुझ्या नवऱ्यानं लेकराला मारलं?"

"व्हय."

"कशानं?"

तिनं खिडकीकडं बोट केलं.

"त्या मारानं लेकरू घर सोडून गेलं?"

रखमाजीनं तिला खुणावलं, जोरात. अनुसयाबाईनं पदर तोंडाशी धरला होता, तो खाली केला.

"न्हाई," ती म्हणाली.

पेन थांबला.

"मार खाऊन ते कुठं गेलं न्हाई साहेब. घरीच आलं. रडत आलं अन् माझ्यापाशी चुलीम्होरं बसलं. भुवईतून रगत येत व्हतं. मी ते पुसलं न्हाई. इचारलं, टिकली कुठाय? म्हनलं, सापडंना. मी भाकरी करून राहिले व्हते. त्यानं भाकरी मागितली. मी दिली न्हाई. म्हनलं, टिकली घेऊन आल्याबिगर ह्या दारात पाऊल टाकू नकं."

तिचा आवाज चढला नाही, पडला नाही. शेरडाचं दूध किती निघालं ते सांगावं तसं ती सांगत होती.

"मग?"

"मग ते 'बरं' म्हनलं. उठलं. वहाना घातल्या अन् गेलं."

"कुठं?"

"येलदरीच्या वाटंनं. वाटसरू कळप तिकडं गेले व्हते ना. त्यांच्यात असंल म्हनून."

ओट्यावर एक कोंबडी आली, आत डोकावून गेली. हरिचंदांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

"हे तू इतके दिवस सांगितलं काहून न्हाई?"

"कोनी इचारलंच न्हाई. समदे इचारायचे, बापानं मारलं का? मी म्हनायची, मारलं. ते खोटं थोडंच व्हतं."

रखमाजी तिच्याकडं पाहत नव्हता. तो परभणीचा स्टँड पाहत होता. पूर्णा जंक्शनचा पूल, नांदेडच्या मोऱ्या, साबणाच्या पाण्यात कोपरापर्यंत बुडालेले हात आणि एकेका पोराची हनुवटी धरून वर केलेली भुवई. दीड वर्ष तो पळून गेलेलं पोरगं हुडकत होता. पळून गेलेलं पोरगं नव्हतंच. रुसलं नव्हतं, चिडलं नव्हतं. त्याला सांगितलं होतं, आणि ते ऐकून गेलं होतं.

"माझ्यावर लिवा," अनुसयाबाई म्हणाली. "ह्यांचं राहू द्या."

हरिचंदांनी कागदाकडं पाहिलं. वर तिचं नाव फिर्यादी म्हणून पडलं होतं. ते त्यांनी खोडावं की ठेवावं याचा थोडा विचार केला. नोकरीत त्यांनी फिर्याद नसलेले आरोपी पाहिले होते, आरोपी नसलेल्या फिर्यादी तर रोजच्या. पण आरोपी दोन आणि दोघंही हात जोडून उभे, हे पहिल्यांदाच.

"तू मारलंस का त्याला?"

"न्हाई."

"ढकललंस? चटका दिलास?"

"न्हाई. बोलले नुसतं."

"बोलण्याला कलम न्हाई बाई," हरिचंद म्हणाले.

मग त्यांनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. त्यांनाही काही द्यायची इच्छा होती, पण टेबलावर काही नव्हतं.

"ह्यानं मारलं, ते कायद्यात बसत न्हाई. तू बोललीस, तेबी बसत न्हाई. तुमच्या दोघांचाबी काही गुन्हा न्हाई. जावा घरी."

रखमाजीनं वाकून नमस्कार केला. सवयीनं. अनुसयाबाईनंही केला. हरिचंदांनी कार्बन काढून जपून घडी करून ठेवला, कारण तो अजून नवाच होता. जोडपं ओट्यावरून उतरताना ते खिडकीतून म्हणाले, "येलदरी आपल्याकडं येत न्हाई. तो परभणी जिल्हा. तिकडं नव्यानं नोंद करावी लागंल."

दोघं वाडीची वाट चालू लागली. ओढ्याजवळ अनुसयाबाई थांबली. रखमाजीही थांबला, पण मागं वळला नाही. तिला वाटलं, आता हा मारील. दीड वर्ष ती या माराची वाट पाहत होती म्हटलं तरी चालेल. रखमाजीनं वहाणेतला खडा काढला आणि पुढं चालू लागला.

घरी येऊन तो सरळ वाडग्यात गेला. कळपातून त्यानं टिकलीला बाजूला काढलं, गळ्यात दोरी घातली. कोकरं ओरडू लागली. अनुसयाबाई दारात उभी राहून पाहत होती.

"इकायला नेता?"

"न्हाई."

"मग?"

"पोरगं हिला हुडकत असंल ना," रखमाजी म्हणाला. "तर ती त्याला दिसायला पायजे. इथं वाडग्यात बसून कशी दिसंल?"

ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या, एका माणसाच्या मानानं जड. दुसऱ्या हातात घुंगरू होतं. ती टिकलीपाशी खाली बसली. दीड वर्षात पहिल्यांदाच तिनं टिकलीच्या अंगाला हात लावला आणि तिच्या गळ्यात घुंगरू बांधलं. गाठ मारायला तिला वेळ लागला. टिकलीनं जुन्या ओळखीनं तिचं बोट तोंडात धरून चोखलं. अनुसयाबाईनं ते काढून घेतलं नाही.

"लखमाला सांग, मेंढरं बघाया," रखमाजी म्हणाला आणि निघाला. खांद्यावर घोंगडं होतं, हातात दोरी होती. गोफण नव्हती. वाटेत भेटलेल्या दोघातिघांना ते काहीतरी चुकल्यासारखं दिसलं, पण काय चुकलंय ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

येलदरीच्या वाटेवर कालव्याचा पूल लागला. टिकली पुलाच्या तोंडाशी थांबली. मागं घरी तिची कोकरं होती आणि पुढं पाण्याचा आवाज. तिनं चारी पाय रोवले. रखमाजीनं दोरी ताणली नाही. तोंडानं चुचकारलं, तरी ती हलेना. मागून कापसाची गाडी आली, बैल खोळंबले, गाडीवान जुवावर टेकून बघत राहिला.

"काय झालं पाव्हनं?"

"येईना."

"मग हाण की एक ठिवून. येती कशी न्हाई!"

"न्हाई," रखमाजी म्हणाला. "येईल. तिच्या मनानं येईल."

गाडीवानानं पुष्कळ वेळ वाट पाहिली, मग बैल वळवून तो खालच्या वाटेनं गेला. ऊन कलत आलं. पूल मोकळा होता. पलीकडं माळ दिसत होता आणि माळावर कोणाचे तरी कळप, लांबून खड्यांसारखे. टिकली उभी होती आणि रखमाजी दोरीचं टोक हातात सैल धरून तिच्याशेजारी उभा होता. वारा आला की तेवढं घुंगरू वाजत होतं.